आमच्या खोलीतली शिंदी

हॉस्टेलवर राहणाऱ्या प्रत्येकाला काही ना काही नाद असतो. कुणी १९८३ पासूनचे क्रिकेटचे स्कोअर पाठ करतो, कुणी रात्री दोन वाजता गिटार घेऊन बसतो, आणि बऱ्याच जणांना झोपेशिवाय दुसरा नाद परवडतच नाही. माझा नाद सांगितला की ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हणजे नेमकं काय करतोस?" तर मी पामच्या बिया रुजवतो. माड, ताड, सुपारी, शिंदी या घराण्यातल्या झाडांच्या. सुट्टीत घरी, आणि टर्म चालू असली की खोलीत.

पाम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कॉलेजच्या गेटपासून ऑफिसपर्यंत ओळीने उभे केलेले 'बॉटल पाम' येतात. इंजिनिअरिंग कॉलेज आणि बॉटल पाम यांचं नातं ए.टी.के.टी.इतकंच घट्ट आहे. पण नर्सरीवाले ज्याला बॉटल पाम म्हणून विकतात तो बहुतेक वेळा रॉयल पाम असतो, मूळचा क्यूबाकडचा. खरा बॉटल पाम वेगळाच आहे. तो बुटका, बुडाशी फुगलेला, आणि मॉरिशसजवळच्या राउंड आयलंड नावाच्या लहानशा बेटावरचा. गंमत बघा, जगभरच्या बागांमध्ये आज तो सर्रास दिसतो. पण स्वतःच्या बेटावर मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच झाडं उरण्याची पाळी त्याच्यावर आली होती. म्हणजे 'दुर्मिळ' हा शब्द झाडाला लावायचा नसतो, जागेला लावायचा असतो. एखादं झाड जगात भरपूर असेल, पण आपल्या ओढ्यावर एकच उरलं असेल तर आपल्यापुरतं ते दुर्मिळच. हे मला पुस्तकातून नाही, आमच्या गावच्या ओढ्यावर कळलं. ते पुढे सांगतो. आधी बिया कशा रुजतात ते सांगायला हवं, कारण खरी मजा तिथे आहे.

पहिली बी मी रुजवली ती भेरली माडाची. सह्याद्रीच्या ओल्या जंगलात आणि कोकणात हे झाड आहे. पानं माशाच्या शेपटीसारखी. वाढ पूर्ण झाली की शेंड्याजवळ पहिला फुलोरा येतो, मग त्याच्या खाली दुसरा, मग तिसरा, असं झाड वरून खाली फुलत येतं, आणि शेवटचा फुलोरा संपला की झाडही संपतं. जन्मभराची कमाई एकदाच खर्च! अभयारण्यातून बिया उचलायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे मी एका बागेतल्या झाडाखाली पडलेली फळं आणली होती. या फळाच्या गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. उघड्या हाताने गर काढला तर अशी खाज सुटते की प्रॅक्टिकलचं जर्नल लिहिणं अशक्य. म्हणून रबरी हातमोजे घालायचे. आपल्याला हा गर सोसत नाही. उदमांजर मात्र तीच फळं मजेत खातं आणि बिया जंगलभर पेरत फिरतं. हातमोजे न घालता!

रुजवण्याची पद्धत अगदी साधी आहे. गर पूर्ण काढायचा, कारण गर राहिला की बुरशी आलीच. बी दोन दिवस पाण्यात भिजवायची आणि पाणी रोज बदलायचं. मग कोकोपीट ओलं करून मुठीत दाबायचं. बोटांमधून पाणी ठिबकलं तर ओल जास्त. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला आणि हात फक्त ओलसर झाला तर बरोबर. हे कोकोपीट आणि बिया प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत भरायच्या, तोंड बंद करायचं, वर तारीख लिहायची आणि पिशवी उबेत ठेवून द्यायची. पामच्या बीला उजेड नसला तरी चालतं, पण ऊब हवी. तीस अंशांच्या आसपास तापमान असलं की ती खूश. नगरच्या उन्हाळ्यात त्यासाठी काहीच करावं लागत नाही, कपाटावर पिशवी ठेवली की झालं. थंडीत मात्र पंचाईत होते. त्यावर उपाय आमच्या रूममेटने नकळत पुरवला. त्याच्या कॉम्प्युटरच्या पाठीमागे कायम गरम हवा येते. तो रात्रभर गेम खेळत बसायचा आणि माझ्या बिया उबेत झोपायच्या. त्याच्या त्या सेमिस्टरचा निकाल मी इथे सांगत नाही. माझ्या बिया मात्र चांगल्या मार्कांनी पास झाल्या.

आता त्या पिशवीत नेमकं काय घडतं? पामच्या बीत खाण्याचा साठा मोठा आणि गर्भ अगदी बारीक असतो. खजुराची बी हातात घेऊन बघा. एका बाजूला लांब खाच असते, आणि उलट्या बाजूला मधोमध एक छोटा गोल ठिपका. गर्भ त्या ठिपक्याखाली असतो. रुजताना तिथून पांढरी दांडी बाहेर येते आणि सरळ खाली जाते. लोकांना ते मूळ वाटतं. खरं तर तो बीजपत्राचाच लांबलेला देठ असतो. तो आधी नव्या रोपाला मातीत खाली घेऊन जातो, मग तिथून खरं मूळ खाली सुटतं आणि पान वर येतं. म्हणून पान उगवतं ते बीपासून थोडं लांब. बीजपत्राचं दुसरं टोक बीच्या आतच राहून कठीण साठा हळूहळू विरघळवून शोषून घेत असतं. रुजलेला नारळ फोडल्यावर आत स्पंजासारखा गोडसर गोळा मिळतो ना, तो म्हणजे हेच टोक. लहानपणी आपण तो आवडीने खातो. पण तो त्या रोपाचा डबा असतो, हे आपल्याला कुणी सांगत नाही.

ताडाची बी तर याच्याही पुढची. तिचा देठ दोन-दोन फूट खाली जातो आणि तोवर वर काहीही दिसत नाही. म्हणून अशा रोपांना उथळ कुंडी चालत नाही. बांधकामावर उरलेल्या चार इंची पी.व्ही.सी. पाइपचे दीड-दोन फुटांचे तुकडे मी कुंड्या म्हणून वापरतो. खाली जाळी बांधायची. आत पोयटा माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत भरायचं. मेकॅनिकलवाल्यांना हे ड्रेनेजचं काम वाटलं, सिव्हिलवाल्यांना पाइल फाउंडेशन. सिव्हिलवाल्यांचं जास्त बरोबर होतं. पामचं खोड आपल्या आंब्या-लिंबासारखं वर्षावर्षाने जाड होत नाही. जी जाडी व्हायची ती आधी जमिनीलगत होते आणि मगच झाड उंच जायला लागतं. त्यामुळे पहिली काही वर्षं रोप नुसतं बसून आहे असं वाटतं. ते बसलेलं नसतं, प्लिंथ भरत असतं.

एवढी तयारी झाल्यावर आता शिंदीकडे येतो.

शिंदी म्हणजे फिनिक्स सिल्व्हेस्ट्रिस, खजुराची सख्खी चुलत बहीण. नगर जिल्ह्यात (२०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तोंडात अजून नगरच येतं) ओढ्याकाठी, ओलीच्या जागी हे झाड असतं. आपल्याकडे शिंदी म्हटलं की लोकांना फक्त प्यायची शिंदी आठवते. याच झाडाचा रस बंगालमध्ये हिवाळ्यात काढून आटवतात आणि त्याचा नोलेन गूळ करतात. तिथे त्याच्या मिठाईसाठी लोक वर्षभर वाट बघतात आणि आपण नाव काढलं की नाक मुरडतो. झाड तेच, नशीब वेगळं.

या नावावरून खोलीत एक प्रसंग घडला. कुणीतरी चहाडी केली आणि एका संध्याकाळी रेक्टर सर दारात उभे राहिले.

"काय रे, खोलीत शिंदी ठेवली आहेस म्हणे?"

"हो सर."

मी इतक्या सहज हो म्हटल्यावर सर दोन पावलं आत आले. "किती?"

"छत्तीस आहेत, सर."

"छत्तीस? लिटर?"

"नाही सर, बिया!"

पिशवी उघडून दाखवली. सरांनी नाकाजवळ नेऊन वास घेतला, मातीचाच वास आला, तेव्हा कुठे ते खुर्चीवर बसले. मग मला म्हणाले, "दारूबंदी कायद्याने शिंदीच्या झाडाला छेद द्यायला परवाना लागतो, माहीत आहे ना?" तो १९४९ चा कायदा मला तेव्हा माहीत नव्हता, नंतर वाचला. मी म्हटलं, "सर, छेद द्यायला आधी झाड तर हवं. माझी बी अजून रुजायची आहे." सर हसले. जाताना म्हणाले, "रुजली की सांग." पुढे ते दर आठवड्याला विचारायला लागले. हॉस्टेलच्या उपस्थितीपेक्षा जास्त चौकशी त्या पिशवीची व्हायची.

त्या छत्तीस बिया आल्या होत्या पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावच्या ओढ्यावरून. मी शाळेत होतो तेव्हा ओढ्याच्या वळणावर चौदा-पंधरा शिंद्या होत्या. पानांच्या टोकांना सुगरणींचे खोपे लटकायचे. वाऱ्याने पडलेला खोपा मिळाला की आम्ही तो शाळेत न्यायचो. जूनच्या सुमारास पिवळी-केशरी फळं पिकायची. गर नखाएवढाच, बाकी सगळी बी, तरी आम्ही, बुलबुल आणि कोल्हे अशी तिघांत चढाओढ असायची. शिंदीच्या पानांच्या केरसुण्या व्हायच्या. लक्ष्मीपूजनाला आपण ज्या नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतो, ती अनेक घरांतून याच पानांची असते. ओढ्याला पाणी नसलं तरी शिंदी हिरवी दिसायची आणि जुनी माणसं म्हणायची, तिथे खाली ओल आहे. झाडंझुडपं आणि वारुळं बघून भूजल ओळखायची ही विद्या फार जुनी. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत त्यावर एक अख्खा अध्याय लिहिला आहे.

मग एका उन्हाळ्यात ओढ्याचं खोलीकरण झालं. पोकलेन मशीन आलं, आठ दिवसांत ओढा रुंद आणि खोल झाला. पाणी थांबलं, विहिरींना फरक पडला, ते कुणी नाकारत नाही. दुष्काळी तालुक्यात पाण्याला नाही म्हणणारा माणूस शोधून सापडायचा नाही. पण काठावरच्या शिंद्या मुळासकट गेल्या. त्यांचं नाव कुठल्या कागदावर नव्हतं आणि कुणाच्या मनातही नव्हतं. वळणाच्या वरच्या अंगाला, खडकाच्या आडोशाला एक तेवढी वाचली. सुगरणी दुसरीकडे गेल्या.

पहिल्या वर्षाची परीक्षा संपवून जूनमध्ये घरी गेलो तेव्हा त्या एका झाडाला फळांचे घड लागलेले होते. मी फळं गोळा करून अंगणात बसून बिया धूत होतो. आजी बघत होती. म्हणाली, "आरं येड्या, शिंदी कुनी लावती का? ती आपली आपनच येती."

आजीचं म्हणणं खोटं नव्हतं. पाखरं आणि कोल्हे बिया टाकत होते तोवर ती येतच होती. पण मला वाटतं, जे जे आपलं आपण येतं त्याच्याकडे आपलं सगळ्यात कमी लक्ष असतं. आंबा गेला तर कलम आणतो, नारळ वाळला तर दुसरा लावतो. शिंदी गेली तर ती गेली हे कळायलाच पाच वर्षं लागतात.

बिया पिशवीत पडल्या आणि माझ्या डोक्यात एक वेगळाच किडा शिरला. शिंदीत, खजुरासारखंच, नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं. फळं येतात ती फक्त मादीला. नराचे परागकण पोचले नाहीत तर फळ धरलंच तरी ते बिनबियांचं, खुरटं राहतं. आमच्या ओढ्यावर तर ही एकटीच. पण तिच्या फळांत घट्ट भरलेली बी होती. याचा अर्थ एकच. वाऱ्याच्या किंवा माशी-भुंग्याच्या टप्प्यात कुठेतरी एक नर अजून उभा होता.

एक्केचाळिसाव्या दिवशी पहिला पांढरा कोंब दिसला. सप्टेंबर संपेपर्यंत छत्तीसपैकी सत्तावीस बिया रुजल्या. शिंदीचं पहिलं पान अगदी गवताच्या पात्यासारखं असतं, एकेरी आणि अरुंद; खजुरीसारखी चिरलेली पानं फार पुढे येतात. हॉस्टेलच्या मागे पाइपांची रांग लावली होती. बागकाम करणाऱ्या मावशींनी एक रोप गवत समजून उपटलं, तीन उंदरांनी नेली, एक आपोआप पिवळं पडलं. उरली बावीस. मावशींना नंतर कळलं तेव्हा त्यांनी स्वतःहून पाइपांना लाल रिबिनी बांधल्या.

फेब्रुवारीत शिंदी फुलते. नराचा फुलोरा दाट, पांढरट आणि सुवासिक असतो. झटकला की पिठासारखे परागकण उडतात. शनिवार-रविवार गाठून मी सायकलवर नर शोधायला निघालो. ओढ्याने खाली, मग पलीकडच्या शिवारात. दुसऱ्या रविवारी सापडला. शेजारच्या गावात, सरळ रेषेत किलोमीटरभर असेल, एका शेताच्या बांधावर. चांगला जुना, दोन पुरुष उंच, फुलोऱ्याने भरलेला. बांधावर शेताचे मालक बसले होते. मी म्हटलं, "काका, झाड छान आहे."

"कशाचं छान? आजवर एक फळ आलं न्हाई त्याला. नुसता काट्यांचा धनी. औंदा काढूनच टाकायचंय."

नर झाडाचं हेच दुर्दैव. फळ देत नाही म्हणून कुऱ्हाड आधी त्याच्यावर पडते. आणि तो पडला की किलोमीटरभर लांबची मादी उभ्या जागी वांझ होते, तिचं कारण तिच्याजवळ कुठेच दिसत नाही. मी काकांना आमच्या ओढ्यावरचं झाड, त्याची फळं, बिया, सगळं सांगितलं. ते बराच वेळ ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "म्हंजे ह्याची पोरं तुमच्या गावात हायेत म्हन की!" मी म्हटलं, "बावीस आहेत." काका खो खो हसले. झाड काढायचा विषय त्या दिवशी तरी मागे पडला. नंतर दोनदा जाऊन आलो, झाड उभं आहे. पुढच्या वर्षाचं मी सांगू शकत नाही, बांध त्यांचा आहे.

त्याच सेमिस्टरला एम-थ्रीमध्ये प्रॉबॅबिलिटी शिकवत होते. आयुष्यात पहिल्यांदा एखादं गणित मला स्वतःसाठी सोडवावंसं वाटलं. रोप नर आहे की मादी हे फुलोरा येईपर्यंत बघून कळत नाही, आणि फुलोऱ्याला कित्येक वर्षं लागतात. नर-मादी निम्मे-निम्मे धरले तर दोन रोपांत एक नर आणि एक मादी असण्याची शक्यता फक्त ५० टक्के. तीन रोपं लावली तर ७५ टक्के. पाच लावली तर जवळपास ९४, आणि नऊ लावली तर ९९ टक्क्यांच्या वर. म्हणजे 'एक झाड लावा' हे घोषवाक्य शिंदीला लागू पडत नाही. एक झाड लावणं म्हणजे एक झाड लावणं. पाच लावली तर पुढची झाडं त्यांची तीच लावतील.

एकटं पडलेल्या झाडाची गोष्ट बघायची तर पुन्हा मॉरिशसलाच जावं लागतं. दीडशे वर्षांहून अधिक काळ मराठी माणसं तिथे वस्ती करून आहेत. तिथल्या क्युरपिप गावच्या बागेत एक पाम आहे, हायोफोर्बी अमारिकॉलिस. खऱ्या बॉटल पामचा हा जवळचा नातेवाईक. जगात माहीत असलेलं त्याच्या जातीचं वाढलेलं झाड ते एकच. त्याला नरफुलं आणि मादीफुलं दोन्ही येतात, पण वेगवेगळ्या वेळी. त्यामुळे एकाच झाडावर दोन्ही असूनही त्यांची गाठ पडणं मुश्कील. भोवती कुंपण आहे, शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत त्याचे गर्भ वाढवण्याचे प्रयत्न केले आहेत. एवढी काळजी जगात फार थोड्या झाडांच्या वाट्याला आली असेल. पण त्या झाडाला जे हवं होतं ते म्हणजे त्याच्यासारखी आणखी चार झाडं, आणि ती वेळेवर कुणी लावली नाहीत.

याच्या उलट गोष्ट खजुराची. इस्राएलमधल्या मसादा किल्ल्यात १९६० च्या दशकात उत्खनन झालं, त्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या खजुराच्या बिया मिळाल्या. २००५ साली त्यातली एक बी लावली आणि ती चक्क रुजली. झाडाचं नाव ठेवलं मेथुसेला. जगभर बातमी झाली. पण झाड निघालं नर! एकटा मेथुसेला कितीही म्हातारा आणि प्रसिद्ध असला तरी खजूर देऊ शकत नव्हता. मग संशोधकांनी त्या भागातल्या इतर जुन्या बिया रुजवल्या, त्यात हन्ना नावाची मादी निघाली. मेथुसेलाचे परागकण तिला दिले आणि २०२० मध्ये खजूर हातात आले. मला या गोष्टीत दोन हजार वर्षांचं आश्चर्य आहेच. पण पहिलं झाड नर निघाल्यावर ते लोक थांबले नाहीत, याचं जास्त आहे.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात बावीसपैकी बारा रोपं मी ओढ्याच्या वळणावर लावली. मशीनने ओढलेल्या मुरमाच्या ढिगाच्या मागे, जिथे पुन्हा खोदकाम व्हायची शक्यता कमी. शेळ्यांसाठी भोवती बाभळीच्या काट्या रोवल्या. पामला वाढीचं टोक एकच असतं, तो मधला गाभा. शेळीने तो खाल्ला की फांदी फुटून दुसरा शेंडा येईल अशी सोय शिंदीत नाही. संपलं म्हणजे संपलं. दहा रोपं पाइपातच राखून ठेवली, गेलेल्यांच्या जागी लावायला.

नगरचा उन्हाळा काय असतो ते इथल्यांना सांगायला नको. मी परीक्षेत अडकलो होतो. मेच्या शेवटी घरी गेलो तेव्हा बारातली नऊ जिवंत होती. प्रत्येक रोपाभोवती आळं केलेलं आणि आळ्यात उसाचं पाचट. मी आजीकडे बघितलं. ती म्हणाली, "भांडी घासल्यालं पानी फेकायचंच ना कुठं तरी. तिकडं नेऊन वतलं." आमच्या घरापासून ओढ्याचं वळण चांगलं दहा मिनिटांच्या वाटेवर आहे.

नऊ म्हणजे माझ्या गणिताने ९९ टक्क्यांच्या वर. पण गणितात शेळ्या नसतात, पोकलेन नसतं आणि बांधावरच्या काकांचा विचार नसतो. त्यामुळे राखीव दहाही या पावसाळ्यात लावून टाकली. पाच त्याच वळणावर आणि पाच नर झाडाच्या बांधालगत, काकांना विचारून. त्यांनी जागा स्वतः दाखवली, तेव्हा निदान चार पावसाळे तरी ते झाड काढणार नाहीत असं मी धरून चाललो आहे. ही रोपं फुलतील तेव्हा मी कुठल्या तरी शहरात नोकरीत असेन. नोकरी मिळाली तर! सुगरणी यायला तर त्याहून जास्त वर्षं लागतील, कारण खोपा टांगायला पान जमिनीपासून बरंच वर असावं लागतं. सेमिस्टर सहा महिन्यांची आणि शिंदी सहा-सात वर्षांची, हा हिशेब मी आता स्वीकारला आहे.

मित्रहो, शेवटी कामाचं बोलतो. यंदाच्या जूनमध्ये त्याच ओढ्यावरच्या मादीची फळं पुन्हा आणली आहेत. बिया धुऊन, वाळवून खोलीत ठेवल्या आहेत. शिंदीची बी वाळलेली चालते. नारळ-सुपारीची चालत नाही, हे लक्षात ठेवा. ज्यांच्या गावाला ओढा आहे आणि ओढ्याला एखादा कोपरा मोकळा आहे, त्यांनी येऊन घेऊन जाव्यात. फुकट आहेत. रेक्टर सरांना कल्पना दिलेली आहे. आधी गावात कुठे जुनी शिंदी उरली आहे का ते बघा. असेल तर तिच्याच बिया लावा, माझ्याकडच्या नकोत. अट एकच आहे. एक बी मागायला येऊ नये. निदान पाच रोपं जगवायची तयारी असेल त्यानेच यावं, आणि येताना जाड प्लॅस्टिकची पिशवी स्वतःची आणावी.